षटकार मागणारे आम्ही

ज्या माणसाला आपण कधी भेटलो नाही, ज्याने आपल्या गावाचे नावही बहुधा ऐकले नसेल, तो गेल्याची बातमी आली म्हणजे घरातले कोणी गेल्यासारखे का वाटावे, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. पुढाऱ्यांचे एक समजू शकते. त्यांनी आपले बरेवाईट काहीतरी केलेले असते. पण खेळाडूने आपले काय केलेले असते? फार तर चार दुपारी आपले काम बिघडवलेले असते! तरीही २ एप्रिल २०२३ च्या रविवारी जामनगरला सलीम दुराणी गेल्याची बातमी आली, आणि आमच्या भंडाऱ्यात पाचसात म्हाताऱ्या माणसांना त्या रात्री जेवण गोड लागले नाही, ही गोष्ट खरी आहे.

भंडारा हे क्रिकेटचे गाव नव्हे. आमची ख्याती पितळेच्या भांड्यांची, धानाची आणि तलावांची. क्रिकेट म्हटले की आमच्याकडची माणसे नागपूरकडे बोट दाखवतात. मोठा सामना पाहायचा तर साठ किलोमीटर प्रवास करून नागपूर गाठायचे, आणि तिकीट मिळाले नाही तर सीताबर्डीवर फेरफटका मारून परत यायचे, असा आमचा रिवाज. अशा गावात दुराणी शिरला तो रेडिओतून. त्या वेळी रेडिओ असलेली घरे मोजकी होती. बाजारातल्या एका दुकानाच्या फळीवर मालकाने रेडिओ ठेवलेला असे, आणि कसोटी सामन्याच्या दिवशी त्या फळीपुढे उभे राहायला जागा मिळत नसे. शेजारी भांडी ठोकण्याचा अखंड आवाज चालू असायचा. दुराणी फलंदाजीला आला की तो ठोका आपोआप थांबे. कारागिरांना कोणी थांबा म्हणत नसे. हातोडी गुडघ्यावर ठेवून ते कान देऊन बसत, आणि तो बाद झाला की पुन्हा ठकठक सुरू होई. ठोका फार लवकर सुरू झाला की लांबूनच कळायचे, गडी गेला!

आजच्या मुलांना दुराणी कोण हे सांगावे लागते, म्हणून चार ओळी लिहितो. जन्म ११ डिसेंबर १९३४ चा, आणि तोही काबूलचा. वडील अब्दुल अझीझ हे स्वतः नावाजलेले यष्टिरक्षक. फाळणीनंतर ते कराचीला गेले आणि तिथे त्यांनी हनीफ महंमदासारखा फलंदाज घडवला. मुलगा मात्र आईजवळ जामनगरला राहिला. उंच, गोरा, निळसर डोळ्यांचा, शर्टाची कॉलर वर केलेला हा डावखुरा तरुण जानेवारी १९६० मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी खेळला, आणि फेब्रुवारी १९७३ मध्ये त्याच ब्रेबोर्नवर इंग्लंडविरुद्ध शेवटची. मधल्या तेरा वर्षांत कसोट्या झाल्या एकूण २९. निवड समितीला तो कधी हवा असे, कधी नको असे. लोकांना मात्र तो नेहमीच हवा असे. अर्जुन पुरस्कार मिळवणारा पहिला क्रिकेटपटू तोच.

त्याची खरी कीर्ती निराळीच होती. प्रेक्षकांच्या ज्या बाजूने 'सिक्सर' अशी हाक येई, त्या बाजूला तो षटकार मारी. प्रत्येक वेळी साधत असेल असे नाही, पण साधे ते इतक्या वेळा की ती दंतकथा झाली. दुराणीने आत्मचरित्र लिहिले तर त्याचे नाव 'षटकार मागा' असे ठेवावे लागेल, अशा अर्थाचा विनोद खुद्द सुनील गावसकरांनी केला होता.

तर त्या रविवारी संध्याकाळी खांब तलावाच्या काठावर बसणारी आमची मंडळी नेहमीपेक्षा लवकर जमली. एप्रिलचा महिना, दिवसभराची हवा अजून तापलेली. बसायला गेलो आणि कोणी बोलेना. शेवटी आमचे मास्तर म्हणाले, "घरी चला, तिथे पंखा आहे." हे मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. वहिनींनी न सांगता चहा टाकला.

पहिल्यांदा बोलले ते धानाचे व्यापारी असलेले आमचे भाऊ. त्यांचे सारे आयुष्य पोत्यांत गेले, पण बोलणे अजून खेड्यातले. म्हणाले, "काय राजेहो, असा मानूस होनार नाही जी. सहा मांगला का सहा देत होता. आता कोनाले मांगाचा?" एवढे बोलून ते गप्प झाले. मग त्यांनी सांगितले, की १९६१-६२ च्या मोसमात इंग्लंडचा संघ आला होता तेव्हा ते दहाबारा वर्षांचे होते. खळ्यावर धानाची चुरणी चालू होती. कलकत्त्याचा सामना आपण जिंकल्याची बातमी घेऊन कोणीतरी सायकलवर शेतापर्यंत आला. दुराणी कोण, फिरकी गोलंदाजी म्हणजे काय, यातले काही कळत नसताना खळ्यावरच्या गड्यांनी ओंजळभर धान वर उडवले. त्या सामन्यात दुराणीने आठ बळी घेतले होते, आणि पाठोपाठ मद्रासला दहा. इंग्लंडविरुद्धची मालिका आपण प्रथमच जिंकली ती त्या वेळी. भाऊंना आकडे ठाऊक नव्हते. ते मास्तरांनी भरले. भाऊंना आठवत होते ते उडालेले धान, आणि "नासाडी करता काय रे," म्हणून बापाने घातलेल्या शिव्या.

दुसरे आमचे पोस्टातले दादा. आमच्यात दुराणीला डोळ्यांनी पाहिलेले हे एकटेच, आणि गेली पन्नास वर्षे त्यांनी हा मोठेपणा आम्हांला विसरू दिलेला नाही. १९७३ च्या जानेवारीत कानपूरच्या कसोटीतून दुराणीला वगळले, तेव्हा 'दुराणी नाही, तर कसोटी नाही' असे फलक लोकांनी झळकवले. निवड समिती नमली म्हणा किंवा तिला सुबुद्धी झाली म्हणा, फेब्रुवारीत मुंबईच्या सामन्याला तो संघात परत आला. दादांचे मामा गिरगावात राहत. दादा भंडारा रोडला गाडीत बसले ते थेट मामांच्या चाळीत उतरले, आणि मामेभावाच्या खटपटीने एका दिवसाचे तिकीट मिळवून ब्रेबोर्नवर पोचले.

"तुम्हांला सांगतो," दादा म्हणाले, "माझ्या शेजारी एक पोक्त गृहस्थ बसले होते. कोट, टोपी, हातात फराळाचा डबा. सकाळपासून तोंडातून शब्द नाही. दुराणी बॅट घेऊन उतरला आणि हे गृहस्थ बाकावर उभे राहून पोरासारखे ओरडायला लागले. त्यांचा डबा मी धरला!" दुराणीने त्या डावात ७३ धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला. पण दादांना सामन्याचे काय झाले याच्याशी कर्तव्य नव्हते. त्यांच्या मते चेंडू हवेत असताना सारे स्टेडियम क्षणभर गप्प होई, आणि त्या एका क्षणासाठी भंडाऱ्याहून मुंबईचे भाडे काही जास्त नव्हते.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. दुराणी रणजी करंडकात खेळे तो राजस्थानकडून. १९६०-६१ पासून १९७३-७४ पर्यंत राजस्थान आठ वेळा अंतिम सामन्यात पोचले आणि आठही वेळा हरले. त्यांतल्या सात वेळा त्यांना हरवले ते मुंबईने! म्हणजे मुंबईच्या दृष्टीने हा दरसालचा प्रतिस्पर्धी. तरी त्याच मुंबईने त्याला डोक्यावर घेतले. आज आपापल्या संघासाठी एकमेकांची डोकी फोडायला निघालेल्या मंडळींना हे खरे वाटणार नाही.

चहाचे कप आणता आणता वहिनी म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे सिक्सर सांगता, मला त्यांचा सिनेमा आठवतो." आम्ही चपापलो. १९७३ मध्येच आलेल्या 'चरित्र' या चित्रपटात दुराणीने नायकाचे काम केले होते. परवीन बाबीचा तो पहिला चित्रपट. तो फारसा चालला नाही. "नागपूरला भावाकडे गेले होते तेव्हा वहिनीबरोबर पाहिला," वहिनी सांगू लागल्या. "काम काही फार चांगले केले नव्हते. पण दिसायला! आम्हां दोघींना सगळी गोष्ट पुन्हा एकदा पाहावी लागली." मास्तरांनी पन्नास वर्षांत ही हकिकत प्रथमच ऐकली असावी. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

पण वहिनी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला एक सांगा. तुम्ही सगळे सिक्सर मागत होता. तो बिचारा देत होता. त्या नादात किती वेळा बाद झाला असेल? तुमच्या टाळ्या तुमच्यापाशी राहिल्या, आणि संघातून नाव जायचे ते त्याचे. मुलाने मागितले म्हणून रोज लाडू दिले आणि पोट बिघडले, तर दोष आईला देतात. इथे लाडू मागणाऱ्यांनीच डोळे पुसायचे, हे काही मला पटत नाही."

ओसरीवर शांतता पसरली. भाऊ कपातला चहा फिरवीत बसले. दादा म्हणाले, "अहो वहिनी, आम्ही मागितले नसते तरी त्याने मारलाच असता. त्याचा स्वभावच तो." पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. प्रश्न खराच बिकट होता. लोकप्रिय माणसाला लोकच बिघडवतात, हे आपण नट, पुढारी आणि कीर्तनकार यांच्या बाबतीत पाहतो. टाळीच्या वाक्याची सवय लागली की बाकीचे कीर्तन पातळ होते. दुराणीचे तसेच झाले काय?

याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. आमच्या मास्तरांनी जन्मात कधी कोणाला 'सिक्सर' म्हणून हाक मारलेली नाही. फळीपुढच्या त्या गर्दीतही ते वही घेऊन उभे असत. धावा, षटके, बळी सारे टिपून घेत. आम्ही त्यांची चेष्टा करीत असू, की देवळात जाऊन हा माणूस देवाच्या दागिन्यांची यादी करील! त्या रात्री मास्तर उठून आत गेले आणि कडा झिजलेल्या दोन वह्या घेऊन आले.

"ऐका," ते म्हणाले, "२९ कसोट्या, १२०२ धावा, सरासरी पंचवीस. ७५ बळी, प्रत्येकी पस्तीसच्या वर धावा देऊन. या आकड्यांवरून पाहिले तर तुमचा दुराणी चांगला खेळाडू होता, थोर नव्हता." भाऊ काहीतरी म्हणणार तोच त्यांनी हात वर केला. "पुढे ऐका. १९६२, वेस्ट इंडिजचा दौरा. कर्णधार कॉन्ट्रॅक्टरला बार्बाडोसला डोक्यावर चेंडू लागून मरता मरता वाचवावे लागले. सगळा संघ हादरलेला. पोर्ट ऑफ स्पेनला पहिल्या डावात १९७ वर सगळे बाद, फॉलोऑन. दुसऱ्या डावात उमरीगर नाबाद १७२, आणि दुराणी १०४. कसोटीतले त्याचे एकुलते एक शतक. तिथे कोण मागत होते हो त्याच्याकडे सिक्सर? तिथे होते कोण आपले?"

मास्तरांनी पान उलटले. "आता हे १९७१. पुन्हा पोर्ट ऑफ स्पेन. गावसकरचा पहिला सामना, सरदेसाईंच्या ११२ धावा, वेंकटराघवनचे पाच बळी. हे सगळ्यांना पाठ आहे. वेस्ट इंडिजला आपण प्रथमच हरवले. दुसऱ्या डावात दुराणीची गोलंदाजी बघा. १७ षटके, ८ निर्धाव, २१ धावा, २ बळी. ते दोन कोण? एक सोबर्स, शून्यावर त्रिफळा. दुसरा लॉईड, वाडेकरांच्या हाती झेल. सतरा षटकांत एकवीस धावा! याला तुम्ही लहरी म्हणता? हा माणूस तुमच्या हाकेला षटकार देत होता, कारण तेव्हा तो देणे शक्य होते. आणि देशाला जेव्हा निर्धाव षटक हवे होते, तेव्हा त्याने निर्धाव षटक दिले. ते तुमच्या ध्यानात राहिले नाही, कारण निर्धाव षटकाला कोणी टाळी वाजवीत नाही."

वही मिटून ते खाली बसले. वहिनी नवऱ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहत होत्या, असे मला वाटले.

मास्तरांचे म्हणणे मला मोलाचे वाटते, म्हणून ते या सदरात विस्ताराने दिले. मृताचे गुणगान आपण करतो ते बहुधा एकाच रंगात करतो. दुराणी म्हणजे षटकार, असे म्हटले की आपले काम झाले. पण त्या माणसाने जन्मभर प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ४८४ बळी घेतले. डाव्या हाताने चेंडू वळवण्याचे ते काम रोजच्या नांगरटीसारखे. जयपूर, उदयपूर, नागपूर, इंदूर अशा गावांच्या उन्हात ज्यांनी रणजीचे सामने पाहिले असतील, त्यांना त्या कामाचे मोल ठाऊक. आपण फक्त पीक उडवलेले पाहिले.

आमच्या वडिलांच्या पिढीचा असा माणूस म्हणजे सी. के. नायडू. ते तर आमच्या शेजारचे, नागपूरचे. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखान्यावर गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या, अकरा षटकारांसह. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताने पहिली कसोटी खेळली तेव्हा कर्णधार तेच. नोव्हेंबर १९६७ मध्ये इंदूरला ते वारले, तेव्हा मी कॉलेजात होतो. भंडाऱ्यातली वडीलधारी मंडळी नायडूंच्या षटकारांबद्दल बोलताना हाताने आकाशात एक रेघ ओढून दाखवत, आणि ती दर वेळी आधीपेक्षा लांब होत जाई. आम्ही तरुण मनात हसत असू. आता आम्ही दुराणीची रेघ ओढतो, आणि नातवंडे मनात हसतात. न्यायच आहे तो. २०११ मध्ये क्रिकेट मंडळाने दुराणींना जीवनगौरव पुरस्कार दिला, आणि त्या पुरस्काराला नाव आहे कर्नल सी. के. नायडूंचे. एका रेघेचे टोक दुसरीला कोणीतरी नीट जोडून ठेवले, याचे आम्हां विदर्भातल्या लोकांना समाधान वाटले.

हे वेड आपल्याच देशाचे आहे असेही नाही. फुटबॉलच्या जगात तर ते अधिक उघडे दिसते. ब्राझीलच्या गारिंचाचे पाय जन्मतःच वाकडे होते. त्याच पायांनी त्याने प्रतिस्पर्ध्यांना असे नाचवले, की लोक त्याला 'जनतेचा आनंद' म्हणू लागले. १९८३ मध्ये दारूपायी तो गेला. उत्तर आयर्लंडचा जॉर्ज बेस्ट २५ नोव्हेंबर २००५ रोजी गेला, तेव्हा बेलफास्टच्या रस्त्यांवर पावसात माणसांच्या रांगा उभ्या होत्या. बरोबर पंधरा वर्षांनी, त्याच तारखेला मॅराडोना गेला. अर्जेंटिनाने तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळला, आणि राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात ठेवलेल्या त्याच्या शवपेटीपुढून रडत माणसे गेली. या तिघांपेक्षा नियमाने खेळणारे, नियमाने वागणारे आणि अधिक वर्षे टिकलेले खेळाडू पुष्कळ झाले. त्यांचा आदर झाला. रडू मात्र या तिघांसाठी आले.

असे का व्हावे? मला वाटते, शहाणपणाने वागणाऱ्या माणसाचे यश त्याचे स्वतःचे असते. आपण ते पाहतो, मान डोलावतो आणि घरी जातो. पण भर मैदानात आपल्या हाकेकडे वळून बघणारा माणूस आपल्याला त्या खेळात भागीदार करून घेतो. पगारवाढ मागून मिळत नव्हती, बदली मागून मिळत नव्हती, रेशनवर साखर मागून मिळत नव्हती. त्या काळात एका माणसाकडे षटकार मागितला आणि तो मिळाला! मध्यमवर्गीयाच्या आयुष्यात इतक्या तत्परतेने मंजूर झालेला दुसरा अर्ज मला आठवत नाही. तो चेंडू ब्रेबोर्नच्या पूर्वेकडे पडला असेल, पण आमच्या बाजारातल्या फळीपुढे उभे असलेल्या प्रत्येकाला तो आपण मागितलेलाच वाटे.

वहिनींच्या प्रश्नाचे पुरते उत्तर यातून मिळते असा माझा दावा नाही. ज्याच्याकडे आपण इतके मागितले, त्याची खेळी संपल्यावर त्याचे काय झाले हे विचारणे मागणाऱ्याच्या धर्मात बसते की नाही, हा त्यांचा मुद्दा शिल्लक राहतोच. त्या काळच्या खेळाडूला आजच्यासारखे करोडोंचे करार नव्हते. कसोटीच्या मानधनावर घर चालत नसे. आज एखाद्या गावात जुना खेळाडू राहत असेल, मग तो जिल्ह्याचा का असेना, कबड्डीचा का असेना, तर त्याच्या दारावरून जाताना दोन मिनिटे थांबून जुन्या सामन्याची एक आठवण त्याला सांगावी. त्याला त्याचा षटकार आठवतच असतो. तो आपल्यालाही आठवतो, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

दुराणी २०१८ च्या जूनमध्ये बंगलोरला गेले होते. अफगाणिस्तानचा संघ आपली पहिली कसोटी भारताशी खेळत होता, आणि काबूलला जन्मलेला हा जुना भारतीय कसोटीवीर पाहुणा म्हणून तिथे हजर होता. तेव्हा त्यांचे वय ८३ होते. त्या दिवशी प्रेक्षकांतून कोणी त्यांच्याकडे षटकार मागितला की नाही कोण जाणे. मागितला असेल, तर ते हसून त्या बाजूकडे नक्की वळले असतील, एवढे मी भंडाऱ्यात बसून छातीठोकपणे सांगू शकतो.